काहीच करत नसताना हँग होणारा लॅपटॉप

लिनक्स चालवणाऱ्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक लांबलचक लेख उघडा आहे. पुढचा मजकूर वर आणायला बोट कीबोर्डवर टेकतं आणि पान हलतच नाही. माउसचा बाण होता तिथेच. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर गेली की कळतं, ते चार मिनिटांपूर्वीच थांबलंय. म्हणजे यंत्र आत्ता हँग झालेलं नाही, मघाशी वाचता वाचता कधीतरी झालं आणि पत्ता लागला नाही. पंखा बंद, बूड गार, कुठे धापा टाकल्याची खूण नाही. गाणं लावलेलं असलं तर साउंड बफरमधला शेवटचा तुकडा तेवढा कर्कशपणे पुन्हा पुन्हा वाजत राहतो. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. आणि याच लॅपटॉपवर आदल्या रात्री तासभर प्रोसेसरचे सगळे कोअर शंभर टक्के भरून कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल झालेलं असतं, एका शब्दाचीही कुरकूर न करता. टोचत राहतं ते हेच. इतकं ओझं निमूट पेलणारं यंत्र रिकामं बसल्यावर का कोसळावं?

या प्रश्नातच निम्मं निदान आहे. रॅम खराब असेल, उष्णता वाढत असेल, तर लॅपटॉप बहुधा कामाच्या भरात मान टाकतो. जो वाचताना, विचार करताना, चहाला उठल्यावर हँग होतो, त्याच्या बाबतीत संशयाची सुई वीज वाचवणाऱ्या यंत्रणेकडे वळते. रिकाम्या लॅपटॉपच्या आत खरं तर सगळ्यांत जास्त ये-जा चालू असते. प्रोसेसरला क्षणभर काम नसलं की कर्नल त्याला झोपायला पाठवतो, आणि ही झोप पायऱ्यापायऱ्यांची असते. सी1 ही नुसती डुलकी. सी6 मध्ये कोअरची वीज जवळपास तोडली जाते, त्याची अवस्था बाजूला जपून ठेवावी लागते. सी10 मध्ये तर चिपचे मोठे भागच बंद पडतात. इंटेलच्या स्कायलेक पिढीसाठी कर्नलने धरलेले जागं होण्याचे वेळ पाहिले तर सी1 ला 2 मायक्रोसेकंद, सी6 ला 85, सी10 ला 890. प्रोसेसर या पायऱ्या सेकंदाला शेकडो वेळा चढतो-उतरतो. त्याच वेळी पीसीआयई लिंक (प्रोसेसर आणि उपकरणं जोडणाऱ्या वाटा) झोपतात, एनव्हीएमई डिस्क (त्याच वाटेवरची वेगवान एसएसडी) झोपते, पडद्याला चित्र पाठवणं थांबतं, वायफाय कार्ड राउटरच्या दोन बीकनच्या (ठरावीक वेळाने येणाऱ्या हाकांच्या) मध्ये डोळा लावून घेतं. या प्रत्येक झोपेमागे हार्डवेअर, बायोस (लॅपटॉपमधलं मुळातलं फर्मवेअर) आणि कर्नल या तिघांचा करार असतो. त्यातल्या एकाने शब्द पाळला नाही की कुणीतरी झोपतं आणि उठत नाही.

हे काही क्वचित कधी घडणारं नाही. 2013 साली आलेल्या इंटेलच्या बे ट्रेल चिप स्वस्त लॅपटॉपमध्ये भरपूर गेल्या, आणि त्यांच्यावर लिनक्स अचानक गोठायचं. कर्नलच्या बगझिलामधली (दोषांच्या नोंदवहीतली) 109051 क्रमांकाची नोंद ही याच दुखण्याची, आणि वर्षानुवर्षं लोकांना तारून नेणारा उपाय एका ओळीचा होता: इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=1. खोल झोपूच नकोस, एवढाच त्याचा अर्थ. 2017 मध्ये रायझेनची पहिली पिढी आली तेव्हाही रिकाम्या वेळी गोठणारी यंत्रं निघाली. तिथे बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल हा पर्याय टिपिकल करंट आयडलवर नेला की बऱ्याच जणांचं भागत असे. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळ्या चिप, आणि दुखणं एकाच जागी.

पण औषध देण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते.

नेमकं गोठलंय काय? पडदा थांबला म्हणून आपण सगळं यंत्र मेलं असं धरून चालतो, आणि इथेच बहुतेकांची वाट चुकते. सगळ्यांत सोपी तपासणी दुसऱ्या मशीनवरून. लॅपटॉपवर एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून आत शिरण्याची सोय) आधीच चालू करून ठेवायचा, आयपी पत्ता लिहून ठेवायचा, आणि जमलं तर नेटवर्कची तार लावायची, कारण वायफायच झोपलं असेल तर जिवंत यंत्रही मेल्यासारखं दिसतं. पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या साध्या हाकेला) उत्तर कर्नल स्वतःच देतो, त्याला डिस्क लागत नाही. एसएसएचने आत शिरायला मात्र डिस्कवरच्या फायली वाचाव्या लागतात. म्हणून पिंग येतोय आणि एसएसएच लटकलंय, तर कर्नल शाबूत आहे आणि बहुधा डिस्क गेली आहे. दोन्ही चालतात आणि फक्त पडदा मेलाय, तर ग्राफिक्स. दोन्हींना उत्तर नाही, तर प्रोसेसर किंवा त्याहून खालचं काही. एवढ्या एका चाचणीत अर्ध्याहून जास्त संशयित सुटतात.

दुसरं मशीन नसलं तर मॅजिक सिसआरक्यू, म्हणजे थेट कर्नलला हुकूम देणाऱ्या कळा. आल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, मग यू, मग बी: डिस्कवर उरलेलं लिहून टाक, फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेव, रिस्टार्ट कर. हे आधी चालू करून ठेवावं लागतं, कारण सिस्टिमडीच्या (यंत्रातल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) मूळ सेटिंगमध्ये कर्नल.सिसआरक्यूची किंमत 16 असते आणि त्यात फक्त एस चालतो. ती 1 केली की सगळी अक्षरं चालतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं, तेव्हा यंत्र धड असताना एकदा करून पाहिलेलं बरं. बी दाबल्यावर रिस्टार्ट झालं तर कर्नल कीबोर्डचं ऐकत होता. नाही झालं तर खोलवर काहीतरी अडकलंय. कॅप्स लॉकच्या दिव्यावरून लोक निष्कर्ष काढतात, त्यावर फार विसंबू नये. कळ दाबल्यावर दिवा पेटतो-विझतो म्हणजे निदान डेस्कटॉप जिवंत आहे इतकं नक्की. न पेटला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण तो दिवा बहुधा डेस्कटॉपच हलवत असतो. आणि रॅम संपल्यावरही यंत्र गोठल्यासारखंच दिसतं, पण तेव्हा माउस अधूनमधून उडी मारतो आणि डिस्क अखंड कामात असते. सिसआरक्यूचा एफ दाबला की कर्नल एखादा जड प्रोग्राम मारतो. त्याने जीव परत आला तर दुखणं पॉवरचं नाही, पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

लॉग पाहायचा तो जर्नलसीटीएल या आज्ञेला -बी -1 देऊन, म्हणजे मागच्या बूटचा, आणि -के लावून फक्त कर्नलचा. पॉवरच्या दुखण्यात तो बहुतेक वेळा कोरा निघतो. शेवटची ओळ कुठल्यातरी क्षुल्लक सेवेची, आणि पुढे एकदम नवा बूट. माणूस खट्टू होतो. पण हा कोरेपणाही बोलतो. कर्नल कोलमडला असता तर त्याने निदान लिहिण्याचा प्रयत्न केला असता. प्रोसेसरच उठला नाही तर लिहिणार कोण, आणि डिस्क झोपली असेल तर ज्याच्या हाती वही तोच गाढ झोपलेला. शिवाय लॉग लिहिणारा जर्नलडी साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करतो त्या मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांनी, त्यामुळे शेवटचे क्षण हरवू शकतात. त्याचं सिंकइंटरव्हलसेक हे सेटिंग काही सेकंदांवर आणून ठेवलं की फट कमी होते. /सिस/एफएस/पीस्टोअर आणि /व्हार/लिब/सिस्टिमडी/पीस्टोअर या दोन जागाही पाहाव्यात. कर्नल पॅनिक झाला असेल, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीवर स्वतःच थांबला असेल, तर त्याची शेवटची पानं कधी कधी तिथे सापडतात, कारण ती डिस्कऐवजी यूईएफआयच्या म्हणजे नव्या धाटणीच्या बायोसच्या स्मृतीत लिहिली जातात. एनएमआय वॉचडॉग (कोअर अडकलाय का ते पाहणारा पहारेकरी) चालू असेल आणि कर्नल.हार्डलॉकअप_पॅनिक 1 असेल तर अडकलेला कोअर पकडला जाण्याची शक्यता असते. गंमत बघा, वीज वाचवण्यासाठी लोक हौसेने बसवतात ते टीएलपी हाच वॉचडॉग मुळातच बंद ठेवतं. तपास चालू असेपर्यंत तो पुन्हा चालू करायचा.

आता प्रयोगाकडे. इथे माझं मत ठाम आहे: एका वेळी एकच बदल. कुठून तरी उचललेली पाच बूट पॅरामीटर (कर्नलला सुरू होताना द्यायच्या सूचना) एकदम चिकटवली आणि हँग होणं थांबलं, तर आपल्याला काहीच कळलेलं नसतं. ती पाचही पुढे वर्षानुवर्षं त्या ओळीत पडून राहतात, बॅटरी खातात, आणि त्यातली चार का आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं. सुरुवातीला कुठलीही फाइल बदलायची नाही. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरच्या) मेनूवर ई दाबायचं, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या टोकाला पॅरामीटर लिहायचं, कंट्रोल-एक्सने बूट करायचं. पुढच्या बूटला ते आपोआप नाहीसं होतं. बूट झाल्यावर /प्रॉक/सीएमडीलाइन उघडून ते खरंच पोहोचलं का आणि नीट लिहिलंय का ते पाहायचं, कारण चुकीचं लिहिलेलं पॅरामीटर बूट अडवत नाही, नुसतं सोडून दिलं जातं. टीएलपी, पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून असलं काही आधी बसवलेलं असेल तर पहिला प्रयोग ते बंद करून. फक्त बॅटरीवर हँग होतं आणि चार्जरवर कधीच नाही, असं दिसलं तर ही साधनं संशयितांच्या यादीत सगळ्यांत वर, कारण त्यांचे दोन्हीकडचे नियम वेगळे असतात.

प्रोसेसरच्या झोपेसाठी रिस्टार्टचीही गरज नाही. /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयू0/सीपीयूआयडल या फोल्डरमध्ये स्टेट0, स्टेट1 अशी एकेक पायरी मांडून ठेवलेली असते. प्रत्येकीत नाव, जागं होण्याचा वेळ, किती वेळा वापरली याचा आकडा आणि डिसेबल नावाची फाइल. त्या फाइलीत 1 लिहिला की त्या कोअरपुरती ती पायरी काढून घेतली जाते. हे प्रत्येक कोअरसाठी करावं लागतं, किंवा सीपीयूपॉवर आयडल-सेट या आज्ञेला कॅपिटल -डी आणि मायक्रोसेकंदांचा आकडा दिला की तितका किंवा त्याहून जास्त वेळ घेणाऱ्या सगळ्या पायऱ्या एका फटक्यात बंद. हा मार्ग मला बूट पॅरामीटरपेक्षा जास्त आवडतो, कारण वरून खाली एकेक पायरी उघडत नेता येते आणि नेमकी कुठली पायरी मोडकी आहे ते कळतं. बूट पॅरामीटरच वापरायचं तर दोन खाचा लक्षात ठेवाव्यात. मॅक्स_सीस्टेटपुढचा आकडा सी-नावाचा नसून यादीतल्या क्रमाचा असतो. स्कायलेकवर 2 दिलं तर सी1 आणि सी1ई एवढंच उरतं. आणि 0 दिल्याने झोप बंद होत नाही, इंटेल_आयडल हा ड्रायव्हर तेवढा बाजूला होतो आणि एसीपीआयचा ड्रायव्हर बायोसने सांगितलेल्या पायऱ्या वापरू लागतो. त्यामुळे 0 ने बरं झालं तर त्याचा अर्थ 1 ने बरं होण्यापेक्षा अगदी वेगळा आहे.

डिस्कचं प्रकरण मात्र वेगळ्या चेहऱ्याने येतं, आणि तो चेहरा एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. माउस हलतो. उघड्या खिडक्या काही काळ चालतात. नवा प्रोग्राम सुरू करायला गेलं की इनपुट/आउटपुट एरर, आणि मग एकेक करून सगळं थिजत जातं. फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती उरलेली असते. टर्मिनल आधीच उघडं असेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) एनव्हीएमईचा कंट्रोलर डाउन झाल्याची ओळ दिसते आणि तिच्यात सीएसटीएसपुढे (कंट्रोलरच्या स्थितीपुढे) 0x आणि आठ एफ. सगळेच एफ म्हणजे पीसीआयईवर विचारणा केली आणि पलीकडून कुणी ओ दिली नाही. ही ओळ दिसताक्षणी फोनने फोटो काढून ठेवावा, ती डिस्कवर कधीच लिहिली जाणार नाही. लिनक्सने 4.11 या आवृत्तीत, 2017 मध्ये, एपीएसटी म्हणजे डिस्कने आपणहून झोपण्याची सोय चालू केली तेव्हापासून हे दुखणं ओळखीचं झालं. एनव्हीएमई आयडी-सीटीआरएल या आज्ञेने डिस्कच्या अवस्था पाहता येतात: पीएस0 ते पीएस2 कामाच्या, पीएस3 आणि पीएस4 झोपेच्या, प्रत्येकीपुढे आत शिरायचा आणि बाहेर यायचा वेळ. एखाद्या डिस्कच्या पीएस4 मधून बाहेर यायला 6000 मायक्रोसेकंद लागतात, पीएस3 मधून 1500 च्या आसपास. आता एनव्हीएमई_कोर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस याची मूळ किंमत 100000, म्हणजे दोन्ही झोपा चालतात. ती 5500 केली तर 6000 वाली कटते आणि पीएस3 राहते. 0 केली तर डिस्क झोपतच नाही. तपासताना आधी 0. थांबलं तर 5500 वर यावं, कारण पीएस3 हाती राहिली तर विजेचा तोटा अगदी थोडा. डिस्कचा प्रत्येक आकडा वेगळा असतो, तेव्हा 5500 हा मंत्र म्हणून न घेता आपल्या डिस्कची यादी पाहून ठरवावा.

एपीएसटी बंद करूनही तीच ओळ आली तर पाळी पीसीआयई लिंकची, म्हणजे तिच्या वीजबचतीची, एएसपीएमची. इथे एक फार जुना गैरसमज आहे. पीसीआयई_एएसपीएम=ऑफ लिहिलं की एएसपीएम बंद होतं असं जवळजवळ सगळे मानतात. कर्नलच्या कागदपत्रांत त्याचा अर्थ वेगळा आहे: एएसपीएमला हातच लावू नको, बायोसने जे करून ठेवलंय ते तसंच राहू दे. बायोसने एल1 (लिंकची झोप) चालू केलं असेल तर ते चालूच राहतं, आणि माणूस समजतो की हा संशयित निर्दोष सुटला. खरोखर बंद करायचं तर पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स. मग एलएसपीसीआय -व्हीव्ही या उपकरणांची यादी देणाऱ्या आज्ञेत त्या उपकरणाच्या लिंककंट्रोलच्या ओळीत एएसपीएम डिसेबल्ड असं डोळ्यांनी पाहायचं. तिथे एल1 एनेबल्ड दिसत असेल तर चाचणी झालेलीच नाही.

बाकीचे संशयित लवकर आटपतात. पडदा थिजलाय पण एसएसएच चालतंय, बाहेरचा मॉनिटर लावला तर त्यावर सगळं ठीक, असं असेल तर पीएसआर: चित्र बदलत नसलं की पडदा स्वतःच्या स्मृतीतून ते दाखवत राहतो आणि ग्राफिक्स चिप झोपते. इंटेलवर आय915.एनेबल_पीएसआर=0, एएमडीवर एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=0x10. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर नुसतं एलएसपीसीआय चालवल्यावर सगळं लटकलं, तर पूर्ण वीज तोडलेली दुसरी चिप उठवताना घात झालाय. रिअलटेकच्या काही वायफाय कार्डांनी अख्खं यंत्र गोठवल्याचं सर्वज्ञात आहे. आरटीडब्ल्यू88 ड्रायव्हर असेल तर आरटीडब्ल्यू88_पीसीआयला डिसेबल_एएसपीएम=1 आणि आरटीडब्ल्यू88_कोरला डिसेबल_एलपीएस_डीप=1 द्यावं, तेही एकामागून एक. यूएसबीची उपकरणं मूळ सेटिंगमध्ये दोन सेकंदांत झोपू शकतात, यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-1 ने ते थांबतं. पण यूएसबीमुळे बहुधा फक्त ते उपकरण नाहीसं होतं, अख्खा लॅपटॉप क्वचितच गोठतो. एका उपकरणापुरती झोप थांबवायची तर त्याच्या पॉवर/कंट्रोल या फाइलीत ऑन लिहायचं. ऑन म्हणजे वीजबचत चालू असं वाटून कितीतरी जण उलटं करून बसतात. ऑन म्हणजे उपकरण सतत जागं, आणि ऑटो म्हणजे झोपायची मुभा.

झाकण मिटल्यावर झोपलेला लॅपटॉप उठत नाही, ही तक्रार याच कुळातली, पण तिचा तपास तुलनेने सुखाचा, कारण ती हवी तेव्हा घडवून आणता येते. /सिस/पॉवर/मेम_स्लीप वाचलं की एस2आयडल (हलकी झोप) आणि डीप (खोल झोप) यांतलं कुठलं चालू आहे ते चौकटी कंसात दिसतं. दोन्ही असतील तर दुसरं वापरून पाहायचं. त्याने भागलं नाही तर /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट. त्यात फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोर यांपैकी एक शब्द लिहून नेहमीसारखं सस्पेंड केलं की कर्नल त्या टप्प्यापर्यंतच जातो, पाच सेकंद थांबतो आणि परत येतो. फ्रीझर जमलं, डिव्हायसेसवर अडकलं, तर दोष कुठल्यातरी ड्रायव्हरचा. पुढे एकेक मॉड्युल काढून पाहायचं. संपल्यावर त्या फाइलीत नन लिहायला विसरू नये, नाहीतर लॅपटॉप खरा झोपतच नाही आणि नवंच कोडं उभं राहतं.

आणि मग वाट पाहणं.

या कामातला सगळ्यांत अवघड भाग हाच, आणि त्यावर कुणी फारसं लिहीत नाही. पॅरामीटर लावलं, दिवस गेला, हँग झालं नाही. हायसं वाटतं. पण तो दिवस नुसता चांगला होता की दुखणं गेलं? आधी दोन हँगमध्ये जास्तीत जास्त किती अंतर पडत होतं ते आठवून निदान त्याच्या तिप्पट काळ तरी थांबावं, आणि त्या काळात लॅपटॉप तसाच रिकामा बसू द्यावा जसा हँग होताना असायचा. धास्तीने माणूस सारखं काहीतरी चालू ठेवतो, आणि नेमकी तीच परिस्थिती टळते. टर्बोस्टॅटने यंत्र खरंच कुठल्या झोपेत जातंय ते मधून मधून पाहावं. मग, मन होत नसलं तरी, पॅरामीटर काढून टाकावं आणि हँग परत येतं का पाहावं. परत आलं तरच गुन्हेगार सापडला. बॅकअप घेतल्याशिवाय मात्र यातलं काहीच करू नये. बटण दाबून मारलेली प्रत्येक वेळ फाइलसिस्टिमची परीक्षा असते.

सापडल्यावरचा आनंदही निखळ नसतो. मॅक्स_सीस्टेट=1 लावलेला लॅपटॉप हँग होत नाही, पण आता तो मांडीवर कोमट लागतो, पंखा कारणाशिवाय फिरतो, बॅटरी आधीसारखी पुरत नाही. म्हणून ग्रबच्या फाइलीत ते कायमचं लिहिण्याआधी उपाय जितका अरुंद करता येईल तितका करावा: सगळी झोप बंद करण्याऐवजी एकच पायरी, सगळ्या लिंकऐवजी एकच उपकरण. मग एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स या आज्ञेने बायोस आणि डिस्कचं नवं फर्मवेअर आलंय का पाहावं, मायक्रोकोडचं (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्यांचं) पॅकेज बसवलेलं आहे का पाहावं. कराराचा भंग बहुतेकदा तिथेच झालेला असतो. नवीन कर्नल आला की पॅरामीटर एकदा काढून पाहावं.

आणि नोंद करावी. एनव्हीएमई ड्रायव्हरच्या सोर्समध्ये एक टिप्पणी आहे: सॅमसंगच्या काही डिस्क, त्यांत एसएम951 ही 256 जीबीचीही, डेलच्या दोन लॅपटॉपमध्ये (एक्सपीएस 15 9550 आणि प्रिसिजन 5510) सर्वांत खोल झोपेत गेल्यावर पीसीआयईवरून नाहीशा होतात. टिप्पणीच्या खालचा कोड डिस्कचा क्रमांक आणि लॅपटॉपचं नाव जुळलं की फक्त तीच एक अवस्था वगळतो. त्या दोन लॅपटॉपच्या मालकांना आज कुठलंही पॅरामीटर लिहावं लागत नाही, कारण कुणीतरी नेमकं कोण झोपून उठत नाही ते शोधून कळवलं होतं. तक्रारीत त्यासाठी फार काही लागत नाही: डीएमआयडीकोडने मिळणारं लॅपटॉपचं नाव आणि बायोसची आवृत्ती, एलएसपीसीआय -एनएनमधले उपकरणाचे क्रमांक, यूनेम -आरने दिसणारा कर्नल, कुठल्या एका बदलाने हँग थांबलं आणि तो काढल्यावर परत आलं का. एवढे तपशील असले की दुरुस्ती करणाऱ्याला कोडमध्ये कुठे पाहायचं ते कळतं.